ढोल्याचं वजन

ढोल्या कुबड्या टेकत आला, तेव्हा तिने हसून दार उघडलं. तो तिच्या नवऱ्याचा लष्करातला दोस्त. डोंगरमाथ्यावर पायात गोळी लागून पडला होता. तिच्या नवऱ्याने गोळीबारात हेलिकॉप्टर उतरवून त्याला आणि बाकीच्या जखमींना उचलून आणलं होतं. नवऱ्याची रजा संपत आली होती, उद्या तो परत निघणार होता.

"वहिनी, वाघ आहे तुमचा नवरा!" ढोल्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली.

"वाघ कसला? सकाळपासून बाळाचा एक मोजा सापडत नाहीये त्याला." रांगत कुबडीकडे निघालेल्या बाळाला तिने कडेवर घेतलं.

"तिथली हवा विरळ. सगळे चढलो आणि हेलिकॉप्टर जमीन सोडेना. म्हटलं, मला राहू दे, माझ्या एकट्यात दोन माणसं आहेत. तर हा म्हणतो, गप पड रे ढोल्या! बाकं फेकली, अवजारांची पेटी फेकली, दारंसुद्धा काढून..."

नवरा खोकला. जरा जास्तच मोठ्याने.

बाळाच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात थांबला. नवऱ्याच्या काखेखाली लांबलचक जखम होती. "हेलिकॉप्टरच्या दाराला खरचटलं," म्हणाला होता तो. रोज स्वतःच्या बोटांनी तिने तिथे मलम लावलं होतं.

"जे दार नव्हतंच, ते लागलं कसं रे तुला?"

"अगं, ते..."

"गोळी होती ना? आणि बुलेटप्रूफ जॅकेट? तेही फेकलंस?"

ढोल्या पायाच्या प्लॅस्टरकडे बघत बसला.

"हेलिकॉप्टर उठतच नव्हतं गं," नवरा हळूच म्हणाला. "नाहीतर एकाला खाली उतरवावं लागलं असतं."

"बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होतास, जॅकेट अंगावरून काढणार नाही म्हणून! पेटीचं वजन केलंस, दारांचं केलंस. आम्हा दोघांचं किती भरलं रे?"

बाळ भोकाड पसरून रडायला लागलं.

"वहिनी, चूक माझीच..."

"तुम्ही मध्ये बोलू नका, भाऊजी!" ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "आत्ता सांग. पुन्हा अशी वेळ आली तर काढणार नाहीस."

नवऱ्याने ढोल्याच्या पायाकडे पाहिलं, मग बाळाकडे. अख्खी रजा सफाईने थाप मारत आलेल्या माणसाला आता एवढी एक थाप जमेना.

ती आत गेली. भांडी आपटल्याचे आवाज आले. चहा आला तो बशीत हिंदकळतच. बिस्किटांची बशी तिने टेबलावर आदळली. एक खाऊन ढोल्याने भीतभीत दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तशी तिने बशी ओढून घेतली.

"पाय बरा झाला की परत तिथेच जाणार ना तुम्ही?"

"हो, वहिनी."

"वजन किती तुमचं?"

"ब्याण्णव..."

"कमी करा," ती म्हणाली, आणि बशी आत घेऊन गेली.