मेंदूचं ऐकणारी टोपी

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला पोहण्याची टोपी आठवेल. पण मी पाण्यात कधी उतरले नाही. मी मेंदूच्या लहरी टिपणारी एक जुनी टोपी आहे. लवचिक कापडावर धातूच्या बारीक चकत्या बसवून आणि त्यांना तारा जोडून मला घडवले. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत माझे आयुष्य गेले.

लोक मला डोक्यावर चढवून साध्यासुध्या गप्पा ऐकत. 'मावशी आली, चहा पिऊन गेली' असे ऐकताना मेंदू एकेक शब्द जुळवत जाई. मध्येच 'मावशी आला' कानी पडले, की माणसाच्या ध्यानात येण्याआधीच त्याचा मेंदू दचके आणि पडद्यावरची रेघ उसळे. पाहुण्यांसमोर माझे भारी कौतुक होई.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना आणले. मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांची वाचा गेली होती, हातपायही हलत नव्हते. मुलगा त्यांच्या उशाशीच म्हणाला, "हिला काही कळत नाही हो. आई केव्हाच गेली, हे नुसतं शरीर उरलंय."

"दादा, हळू बोल ना," सोबत आलेली त्याची बहीण म्हणाली.

शेकडो वाक्ये ऐकवून झाली. चुकीच्या वाक्यांना रेघ उसळत राहिली. डॉक्टरबाई जपून म्हणाल्या, "सगळं कळतं असं मी नाही म्हणणार. पण बोलणं आत पोचतंय. वाक्य जुळवायला त्यांचा मेंदू अजून धडपडतोय."

मुलगा पांढराफटक पडला. "म्हणजे इतके दिवस आम्ही जे जे बोललो... घर विकायचं, हिला कुठं ठेवायचं..." तो आईच्या उशाशी बसला. त्याने आईचा हात धरला. "आई, मी तुला..." वाक्य अर्धेच राहिले. तो उठून बाहेर गेला.

आपल्या भाषेत क्रियापद बहुधा शेवटी येते. ते येईपर्यंत मेंदू आधीचे सारे शब्द धरून ठेवतो. बाई ते तीन शब्द धरून किती वेळ थांबल्या, हे मला कळलेच नाही. तेवढ्यात मला त्यांच्या डोक्यावरून काढले.

पुढच्या तपासणीच्या दिवशी बहीण एकटीच आली, आई गेल्याचे सांगायला.

आता माझ्या चकत्या गंजल्या आहेत. नवी टोपी आली, मी कपाटात पडून असते. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण मित्रांनो, बोलू न शकणाऱ्या माणसाच्या उशाशी बसाल, तेव्हा जपून बोला. आणि त्याला काही सांगायचे असेल, तर वाक्य पूर्ण करा.