ठेवून दिलेलं क्रियापद

माझ्या सासऱ्यांना मी मनातल्या मनात लंबक म्हणते. त्यांना काहीही विचारा, आधी त्यांची मान डावीकडून उजवीकडे जाते, मग उजवीकडून डावीकडे येते आणि मग तोंडातून 'नाही' निघतं. नवा पंखा घेऊ या? नाही. दुकानाला रंग देऊ या? नाही. त्यामुळे ऑपरेशननंतर आठवडाभर मान अजिबात हलवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं. नवऱ्याने डोळे वटारले म्हणून मी खोकल्याचं निमित्त केलं.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. खाली दुकान, वर आम्ही. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे, त्यामुळे जन्मभराचं काम उजव्या डोळ्याने केलं. त्या डोळ्यावर भिंग चढवून ते टेबलावर वाकले की जेवायला दहा हाका माराव्या लागतात. आणि त्याच डोळ्याने दगा दिला होता. घड्याळाच्या आत एक बारीक चाक असतं, पुढे-मागे, पुढे-मागे झुलत राहणारं. त्या चाकाकडे सरळ पाहिलं की ते मधूनच नाहीसं व्हायचं. कड दिसायची, मधलं गायब. बाबांनी आधी दिव्याला दोष दिला, मग भिंगाला. आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी एका गिऱ्हाइकाने घड्याळ परत आणलं, आतला एक स्क्रू बसवायचाच राहिला होता. त्या दिवशी बाबा दुपारीच वर आले आणि कॉटवर बसून म्हणाले, "मला मधलं दिसत नाही."

डोळ्याच्या मागच्या पडद्याला मधोमध भोक पडलं होतं. ऑपरेशन करून डॉक्टर डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडणार, तो बुडबुडा पडद्याला आतून दाबून धरणार आणि तसा दाब राहिला तर भोक बुजणार. पण बुडबुडा वर तरंगतो. तो पडद्यापाशी राहावा म्हणून तोंड सतत जमिनीकडे हवं. झोपताना, जेवताना, चालताना, सगळं खाली मान घालून. भोक बुजेल का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "पाहू." डॉक्टरांनी हा शब्द वापरू नये असा कायदा हवा.

हॉस्पिटलातून आम्ही तोंडाच्या जागी भोक असलेलं टेबल भाड्याने आणलं. बाबा त्यावर पालथे पडले. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याला दिसणार ती खालची फरशी आणि फार तर माझ्या चपला. नवऱ्याला दुकान उघडं ठेवणं भाग होतं, म्हणून सुट्टी मी घेतली. आमची कंपनी जपानहून शिलाई मशीन आणते आणि साहेबांनी ऑफिसातल्या आम्हा तिघींना जपानी शिकायला बसवलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. मी टेबलाशेजारी फतकल मारून बसायची आणि घोकायची. मिरु, मिनाइ, मिता, मिते.

पहिले दोन दिवस बाबा गप्प होते. तिसऱ्या दिवशी टेबलाच्या भोकातून आवाज आला, "एकच शब्द किती वेळा बदलून बदलून म्हणतेस? बिघडलाय का तो?"

मी म्हटलं, बिघडलेला नाही, तो तसाच चालतो. मिरु म्हणजे पाहणे. नेहमीच्या वापरातलं क्रियापद आहे, आधी हेच शिकवतात. बाबा म्हणाले, मग उघडून दाखव.

उघडून दाखव म्हणजे काय, ते मला त्यांच्या टेबलावरून माहीत होतं. घड्याळ हातात घेतलं की ते एक एक भाग काढून पांढऱ्या कापडावर ओळीने मांडतात. काढला त्या क्रमाने मांडायचा आणि बसवताना शेवटचा आधी. मधला भाग उचलून कुणी विचारलं की हा कशाचा, तर मान डावीकडून उजवीकडे. आधी सगळं मांडून होऊ दे.

तेव्हा मी क्रियापद मांडायला घेतलं. मिरुमधला 'मि' कधीच हलत नाही, तो जागच्या जागी. 'रु' तेवढा निघतो. त्या जागी 'नाइ' बसवलं की मिनाइ, म्हणजे पाहत नाही. 'ता' बसवला की मिता, पाहिलं. 'ताइ' बसवला की मिताइ, पाहावंसं वाटतं. 'मासु' लावलं की मिमासु, परक्या माणसाशी अदबीने बोलायचं तेव्हा. मिनाकात्ता, पाहिलं नाही. मिरेबा, पाहिलं तर.

बाबा खालून प्रत्येक शब्द म्हणत होते. एकही चुकला नाही. मला वर्गात हेच पाठ व्हायला आठवडा लागला होता, आणि इथे एक म्हातारा पालथा पडून फरशीला शब्द ऐकवत होता. मी जरा चिडलेच. अवघड काहीतरी विचारावं म्हणून म्हटलं, मी पाहते, हे कसं म्हणाल? त्यांनी विचारलं, कसं? मी म्हटलं, मिरु. आणि तुम्ही पाहता? मिरु. मांजर पाहतं? मिरु. पाहतो, पाहते, पाहतं असलं काही नाही. बाई, माणूस, पोर, सगळ्यांना तेच.

"एकच स्क्रू सगळ्या घड्याळांना," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता. आयुष्यभर दर घड्याळाचा स्क्रू वेगळा म्हणून त्यांनी डब्यांवर डबे भरले आहेत.

मग मी सांगितलं की उद्या पाहीन, यालाही मिरुच. जपानी लोकांना आत्ताचं आणि पुढचं वेगळं लागत नाही.

  भोकातून ते अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी आत्ता मिरु म्हटलं, तर ते खोटं ठरणार नाही."

 मी पुस्तकात तोंड खुपसलं.

त्यानंतर आमचा रोजचा वर्ग सुरू झाला. चहाचा कप स्ट्रॉ घालून भोकाखाली धरायचा आणि कप रिकामा होईपर्यंत मी एक रूप सांगायचं. हॉस्पिटलची सिस्टर पट्टी बदलायला यायची. ती म्हणाली की इतकी स्थिर मान तिने आजवर पाहिली नाही, लोक दुसऱ्या दिवशीच रडकुंडीला येतात. नवरा म्हणाला, बाबांनी आयुष्यभर दुसरं केलंय काय, खाली मान घालून बसणं हाच तर धंदा. ते ऐकून मला कौतुक वाटलं आणि जरा भीतीही वाटली. जणू एवढी वर्षं बाबा याच आठवड्याची तयारी करत होते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पुढच्या धड्यात होती. 'मिते' या रूपात क्रियापद संपत नाही, पुढच्याची वाट पाहतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. आपलं 'पाहून' तसंच. मग पुस्तकात आलं, ताबेते मिरु. ताबेते म्हणजे खाऊन. मिरु म्हणजे पाहणे. मी वाक्याखालचा अर्थ वाचला आणि थबकले. खाऊन पाहणे. पुढचं वाक्य, करून पाहणे. त्याच्या पुढचं, घालून पाहणे. मी पुन्हा वाचलं. छापणाऱ्याने आपल्याला चिडवायला लिहिलंय की काय असं वाटलं.

बाबांना सांगितलं. म्हटलं, बाबा, चव कशी आहे ते कळावं म्हणून आपण म्हणतो ना, खाऊन बघ. त्या घासात बघायचं काय असतं, कधी विचार केला का? ते लोकही तसंच म्हणतात. तोच क्रम, आधी खाऊन, मग बघ. कुणी कुणाचं ऐकलं नसेल, मध्ये एवढी जमीन आणि एवढं पाणी.

बाबा म्हणाले, "कुठे ते, कुठे आपण. आणि दोघांनाही बघितल्याशिवाय काही खरं वाटत नाही."

  रोज शंभरदा तोंडात असलेला शब्द, मी तो कधी वळून पाहिलाच नव्हता. माझ्या अंगावर काटा आला होता. परीक्षेचं पुस्तक वाचून अंगावर काटा येतो, हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी नको ते झालं.

दुकानात भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे, टोले देणारं. त्याची टिकटिक जिन्यावरून वर येते. आम्हाला ती ऐकूही येत नाही, इतकी सवयीची आहे. त्याला आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागते आणि ते काम बाबांचं, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. या वेळी ते नवऱ्यावर आलं होतं, पण त्याच्या डोक्यातून साफ गेलं. दुपारी मी स्वयंपाकघरात होते. घड्याळ थांबलं. मला काही कळलं नाही. बाबा गाढ झोपले होते, ते त्या शांततेने दचकून जागे झाले.

मी खोलीत आले तर ते टेबलाच्या कडेवर ताठ बसलेले. मान वर, तोंड जिन्याकडे, कान टवकारलेले. घड्याळजीच्या घरात चोर शिरला तरी कुणी उठणार नाही, पण टिकटिक थांबली की उठणार. "बाबा!" मी म्हटलं. माझा आवाज ऐकला आणि त्यांच्या लक्षात आलं. ते परत पालथे झाले. किती वेळ बसले होते, ते त्यांनाही सांगता येईना.

नवऱ्याला मी अशी झाडली की बिचारा दिवसभर माझ्यासमोर आला नाही. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, थोडा वेळ असेल तर कदाचित काही नाही, आता सांगता येणार नाही, पाहू.

संध्याकाळी बाबांचं मन रमवावं म्हणून मी पुस्तक उघडलं. पुढे मिरुचं भावंड होतं. मिएरु. म्हणजे दिसणे. आपल्यासारखंच त्यांच्याकडेही पाहणं वेगळं आणि दिसणं वेगळं. मी एवढंच सांगितलं आणि पुढची रूपं मांडणार, तोच भोकातून आवाज आला.

"हे आत्ता नको. बाजूला काढून ठेव."

मी विचारलं का. ते म्हणाले, "पाहणं माझ्या हातातलं आहे. दिसणं नाही."

त्यांची ती जुनी खोड मला आठवली. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला देताना 'चालू झालं' असं ते कधीच म्हणत नाहीत. घड्याळ तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, बघा. चालतंय की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, आपल्या तोंडाने ग्वाही द्यायची नाही. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारा खडूस आहे. मलाही तसंच वाटायचं. मी पुस्तकात त्या पानावर खूण घातली आणि पुन्हा मिरुवर आले.

आठवडा संपला, पट्टी निघाली. तरी काही दिसेना, डोळ्यात बुडबुडा होताच. डॉक्टर म्हणाल्या, तो हळूहळू विरेल, धीर धरा. मग सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बुडबुडा लहान होऊ लागला तशी बाबांना सरळ समोर पाहताना एक आडवी रेघ दिसू लागली, टाकीतल्या पाण्याची पातळी दिसते तशी. रेघेच्या वर स्वच्छ, खाली सगळं डचमळतं. रोज सकाळी उठून बाबा पातळी सांगायचे. आज छत. आज पंखा. आज दाराची चौकट. एखाद्या माणसाला जग वरून खाली, थोडं थोडं परत मिळत होतं आणि आम्ही घरातच बसून ते ऐकत होतो. मी दाराच्या त्या चौकटीकडे टक लावून पाहायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती तिथेच होती.

पण मधलं अजून पाण्याखाली होतं. आणि प्रश्न मधल्याचाच होता. नवरा दर दोन तासांनी विचारायचा, आता? बाबा उत्तर द्यायचे नाहीत. 'नाही' म्हणून मान हलवायचं तर त्यांनी सोडूनच दिलं होतं. नव्या पंख्याबद्दल विचारलं तरी मान जागची हलत नव्हती. मला त्या मानेची आठवण येईल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

माझी परीक्षा झाली, बरी गेली. त्यानंतर एका सकाळी खोलीत बाबा दिसले नाहीत. मी चहा घेऊन खाली गेले. दुकानाचं अर्धं दार उघडं होतं आणि ते टेबलाशी बसले होते, उजव्या डोळ्यावर भिंग. समोर मागचं झाकण काढलेलं एक मनगटी घड्याळ. ते कधीपासून तसे बसले होते कोण जाणे. मी कप ठेवला नाही, आवाज होईल म्हणून.  दिसतंय का, हे विचारायला मीच घाबरले होते.

त्यांनी चिमटा उचलला. पांढऱ्या कापडावर एक स्क्रू होता, मला तर धुळीचा कण वाटला असता. त्यांनी तो एका झटक्यात उचलला, नेमक्या जागी नेला आणि फिरवला. मग किल्ली दिली. आतलं ते बारीक चाक झुलायला लागलं असणार, मला इतक्या लांबून दिसत नव्हतं. ते पाहत राहिले. सरळ, मधोमध.

"अगं," ते वर न बघता म्हणाले, "ते बाजूला ठेवलेलं काढ बरं."

मला क्षणभर कळलंच नाही काय काढू. मग कळलं. पुस्तक वर होतं, पण पुस्तकाची गरज नव्हती. मी म्हटलं, "मिएरु." आणि सवयीने पुढचं रूप, नकाराचं, म्हणायला सुरुवात केली.

बाबांची मान डावीकडून उजवीकडे गेली आणि उजवीकडून डावीकडे आली. "नाही," ते म्हणाले. "ते नको. पहिलंच बास."

मी आता कप खाली ठेवला. त्यांनी भिंग काढलं, डोळा चोळला आणि घड्याळ तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरलं. आता 'बघ' म्हणतील म्हणून मी वाकले.

"मिएरु," बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चालू झाल्याची ग्वाही स्वतःच्या तोंडाने दिली.