फळीवरची कळशी

ज्युलियानाला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. पहिली म्हणजे तिची मासळी. भाईंदर पश्चिमेच्या मार्केटात तिच्या पाटीतलं पापलेट कुणी दाबून बघावं, मग ऐकावं! "लेना है तो लो, दबाके मत देखो," असं ती म्हणाली की भली भली माणसं मुकाट्याने पिशवी पुढे करत. दुसरी म्हणजे उत्तनच्या घरातली तिची फळी. हॉलच्या भिंतीला चांगली उंचावर ठोकलेली लांबलचक फळी, आणि तिच्यावर सासूने मांडलेली पितळेची भांडी. हंड्यावर कळशी, कळशीवर गडू, अशा उतरंडी ओळीने. दर सणाला ज्युलियाना ती चिंच लावून अशी लखलखीत घासायची की दारातल्या पाहुण्याचे आधी डोळे दिपावेत आणि मग त्याला चपला काढायची आठवण व्हावी. घर बघावं ते फळीवरून, असं सासू म्हणायची. सासू देवाघरी गेली, पण फळीवरचा गडू इकडचा तिकडे झाला नव्हता.

मग मेगन बाळंतपणाला माहेरी आली आणि त्या फळीवरून घरात लढाई सुरू झाली.

मेगन ही ज्युलियानाची एकुलती एक लेक. लग्न करून गेली ती डहाणूकडच्या एका गावात. नवरा मॅक्सवेल तिथल्या शाळेत शिक्षक. मुलगा सोन्यासारखा, पण गाव? ते गाव हलतं. गेली काही वर्षं तिकडची जमीन मनाला येईल तेव्हा थरथरते. कधी महिना महिना गप्प, कधी दिवसभर उसंत नाही. लग्न ठरलं तेव्हाच ज्युलियानाने हट्ट धरला होता, "हलत्या जमिनीत पोरगी द्याची न्हाय!" तेव्हा तिचा नवरा गॅब्रियल, अख्खी उमर होडीवर काढलेला माणूस, शांतपणे म्हणाला, "मी जन्मभर हलत्या फळ्यांवरच उभा हाय. तू मला सोडलंस काय?" त्यावर तिला काही सुचलं नाही आणि लग्न लागलं. पण उत्तर न सुचणं वेगळं आणि गोष्ट पटणं वेगळं.

आता तर नात झाली होती. नाव आजीचंच ठेवायचं ठरलं होतं आणि एका घरात दोन ज्युलियाना नकोत म्हणून सगळे तिला छोटी म्हणत. छोटीला पहिल्यांदा हातात घेतलं त्याच घडीला आजीने मनाशी गाठ मारली की हे बाळ त्या गावात परत जायचं नाही. बाप्तिस्म्याला मॅक्सवेल येईल तेव्हा त्याने बदलीचं सांगावं, इथेच जवळ पूनम सागरला भाड्याने घर बघावं, बायको-पोरीला घेऊन इथेच राहावं. फोनवर तिने त्याच्याकडून अर्धं कबूलही करून घेतलं होतं. मॅक्सवेलला सासूला नाही म्हणता येत नसे. तसं ते कुणालाच येत नसे.

मेगनला हे सगळं ठाऊक होतं आणि तिला परत जायचं होतं. तिथे तिचं घर होतं, शिकवणीला येणारी पोरं होती. पण ती आईशी तोंडाने भांडली नाही. तिने फक्त एका सकाळी स्टूल घेतलं आणि फळीवरची भांडी एकेक करून खाली काढून जमिनीवर भिंतीशी मांडून ठेवली.

ज्युलियाना मार्केटातून आली आणि दारातच थबकली.

"ही काय तऱ्हा? माझ्या सासूची भांडी जमिनीवर?"

"खाली बाळ झोपतंय, ममा. डोक्यावर जड वस्तू ठेवाची न्हाय. तिकडं आमच्या गावात कुणीच ठेवत न्हाय."

"तुझं गाव हलतं. उत्तन हलत न्हाय. इथं पाण्याचा गलास बी हलला न्हाय कंदी."

दुसऱ्या दिवशी भांडी परत फळीवर. तिसऱ्या दिवशी खाली. मायलेकी एकमेकींशी गोड बोलत, एका ताटात जेवत आणि भांडी वरखाली करत. गॅब्रियलने एकदा सुचवून पाहिलं, "होडीवर आम्ही डोक्यावर काही ठेवत न्हाय." त्याला त्या दिवशी कालवणात तुकडा मिळाला नाही, नुसता रस्सा मिळाला. पुन्हा तो त्या भानगडीत पडला नाही.

बाप्तिस्म्याचा रविवार उजाडला, मॅक्सवेलही येऊन पोचला. आदल्या दिवशी ज्युलियानाने भांडी घासून आरशासारखी केली होती आणि नेहमीपेक्षा एक गडू जास्तच चढवला होता. "आजचा दिवस फळी माझी," तिने लेकीला बजावलं. "माणसं येणार हायेत. माझी लाज काढू नको."

मेगनने वर पाहिलं, मग आईकडे पाहिलं. "बरं. भांडी तुझी, बाळ माझं," एवढंच ती म्हणाली.

चर्चमध्ये सगळं यथासांग पार पडलं. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा छोटीने असा टाहो फोडला की फादरही हसले. घरी आल्यावर ज्युलियानाने नातीला बरोब्बर फळीखालच्या गादीवर निजवलं, म्हणजे पाहुण्यांना पांढऱ्या झग्यातलं बाळ आणि वरचं पितळ एका नजरेत दिसावं. मार्केटात तिच्या शेजारी बसणारी सुलू भाईंदरहून मुद्दाम आली होती. तिने दोन्हीचं तोंड भरून कौतुक केलं. ज्युलियाना तृप्त झाली आणि मैद्याचे गोल फुगे तळायला आत गेली.

पहिला हिसका बसला तेव्हा ती कढईत फुगा सोडत होती. पायाखालून काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि तेलावर एक बारीक लाट आली.

"डंपर गेला वाटतं," सुलू हॉलमधून म्हणाली.

"डंपर न्हाय," मेगनचा आवाज आला. तो आवाज चढलेला नव्हता, घाबरलेलाही नव्हता, पण तो ऐकून माणसं उठली. "सगळे आंगणात चला. धावू नका. ममा, गॅस बंद कर आणि बाहेर ये."

"डंपरच हाय गं!" ज्युलियाना आतून ओरडली. फुगे अर्धे कच्चे होते. कच्चे फुगे टाकून पळायला ती काय वेडी होती?

तेवढ्यात दुसरा आला, आणि हा पहिल्याहून मोठा होता. खिडकीची झडप खडखडली, बरणीतले चमचे वाजले, आणि मग हॉलमधून पितळेचा मोठा आवाज आला. ती झारा टाकून धावली. सासूची कळशी फळीवर नव्हती. ती खाली गादीवर आडवी पडली होती, जिथे तिने छोटीला निजवलं होतं तिथेच, आणि तिच्याखालून पांढऱ्या दुपट्याचं टोक बाहेर आलं होतं.

ज्युलियानाने कळशी उचलून भिरकावली, दुपटं ओढलं. दुपटं रिकामं होतं. तरी ती गादी चाचपत राहिली, उशी उलटली, पुन्हा दुपटं झटकलं.

"ममा!" दारातून मेगन म्हणाली. "बाळ माझ्याकडं हाय. बाहेर ये."

मॅक्सवेल आत शिरला, त्याने गॅस बंद केला आणि सासूला दंडाला धरून अंगणात आणलं. मेगनच्या खांद्यावर छोटी गाढ झोपली होती. तू आत गेलीस त्याच मिनिटाला मी तिला उचललं होतं, असं मेगनने सांगितलं, आणि ते इतक्या साधेपणाने सांगितलं की ज्युलियानाला रडू कोसळलं. मार्केटात जिला कुणी कधी गहिवरताना पाहिलं नव्हतं ती बाई अंगणात सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. सुलूने हे पाहिलं, म्हणजे उद्या भाईंदरला सगळ्यांना कळणार होतं. कळू दे.

"मीच ठेवली ती कळशी," ती म्हणाली. "मीच निजवली तिला तिथं."

"पडली न्हाय ना तिच्यावर? मग झालं," मेगन म्हणाली. "ममा, आमची जमीन हलते म्हणून तू घाबरतेस. पण तिकडं माझ्या घरात बाळाच्या डोक्यावर काय हाय सांगू? काही न्हाय. कपाटं भिंतीला बांधलीत. दाराच्या वाटेत खुर्ची बी ठेवत न्हाय. शिकवणीच्या पोरांना विचार, झोपेत बी सांगतील कुठं जायाचं."

"कपाटं कशानं बांधलीस?"

मेगनने बापाकडे पाहिलं. गॅब्रियल एकाएकी समुद्राकडे बघायला लागला.

"पप्पांनी होडीचा दोर दिलाय. गाठी पण त्यांनीच मारल्या. गेल्या नाताळात आले होते ना, तेव्हा."

म्हणजे हा माणूस तिकडे जाऊन कपाटं बांधून आला आणि घरी येऊन गप्प बसला! एरवी ज्युलियानाने त्याला फाडून खाल्लं असतं. आज तिने नुसतं पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "गाठी घट्ट हायेत ना रे?"

"होडी बांधलीय त्या गाठींनी," गॅब्रियल म्हणाला.

आणखी हादरा येतो का ते बघून मग आत जायचं, असं मेगनने ठरवून टाकलं आणि सगळ्यांनी ते मुकाट ऐकलं. जेवणं अंगणातच झाली. फुगे अर्धे कच्चे, अर्धे करपलेले, पण कुणी नावं ठेवली नाहीत. जेवताना मॅक्सवेलने घसा खाकरला. "ममा, बदलीचं मी साहेबांच्या कानावर घातलंय..."

"कुणाला विचारून?" ज्युलियाना कडाडली.

मॅक्सवेलचा घास हातातच राहिला. "तुम्हीच तर..."

"मी म्हणाले तेव्हा म्हणाले. तिचं घर तिथं हाय. उद्याच सांग साहेबांना, नको म्हणून." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण छोटीला सोडायला मी येणार. पाळणा कुठं टांगाचा ते मी बघणार. आणि वर काय हाय ते बी."

मेगन हसली. आईकडून याहून जास्त काही मिळणार नव्हतं आणि तिला याहून जास्त काही नकोच होतं.

पाहुणे पांगल्यावर ज्युलियानाने स्वतः स्टूल ओढलं. कुणाला हात लावू दिला नाही. हंडे, गडू, तांबे एकेक करून खाली आले आणि भिंतीशी जमिनीवर बसले. सुलू रिक्षा येईपर्यंत थांबली होती, ती म्हणाली, "अगो, ती रिकामी फळी कशी बोडकी दिसतेय."

"दिसू दे. आमच्याकडं आता भांडी खालीच ठेवतात," ज्युलियानाने अशा ठसक्यात सांगितलं की जणू ती रीत तिच्या सासूनेच घालून दिली होती.

शेवटी उरली ती कळशी. कोपऱ्यात भिरकावली होती तिथून तिने ती उचलली. पोटाला चांगला मोठा पोचा आला होता. त्या पोच्यावरून तिने अंगठा फिरवला आणि कळशी मेगनपुढे धरली.

"ही तुझी. घेऊन जा."

"आजीची कळशी? मला?" मेगनचा विश्वास बसेना. "थांब, मॅक्सवेल भाईंदरला नेऊन पोचा काढून आणील."

"नको," ज्युलियाना म्हणाली. "पोचा तसाच राहू दे. छोटी मोठी झाली आणि तिनं विचारलं ना, ही कळशी खाली का ठेवता, तर तिला दाखव. आणि सांग, तुझी आजी एकदा चुकली व्हती."