टेबलाखालचं एकमत

मी एक जुनं, लांबलचक टेबल आहे आणि मित्रांनो, माझा सहसा कुणावर विश्वास बसत नाही. माणसं टेबलाच्या वर हसतात, पण खरं काय ते खाली चालतं. मला विचारा!

शिड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकाने मला हौसेने बनवून घेतलं. मालक गेले आणि कारभार त्यांच्या लेकीकडे, म्हणजे ताईकडे आला. कंपनीचे निर्णय घेणारं संचालक मंडळ तिने नव्याने जमवलं. त्यात सख्खे काका, काकांचे व्याही आणि वडिलांच्या वेळचे हिशेबनीस. "भांडणारं कुणी नको बाई," ती म्हणाली. झालं! कशालाही सगळ्यांच्या माना डोलायच्या. ताई खूश. मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटे. कारण हात वर करायची वेळ आली, की काका माझ्याखालून शेजारच्या हिशेबनिसांचा पाय दाबत. बिचाऱ्यांचा हात लगेच वर!

मग नवी शिडी आली. तिची बिजागरी काकांनी निवडलेली. शिडी उघडली, की ती करकरायची. उद्या हिच्यावर कुणाचे तरी बाबा चढणार, या विचारानेच मला धडकी भरली.

त्याच दिवशी मंडळात एक नव्या बाई आल्या, अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या. मला त्यांचाही संशय आलाच. एवढ्या शांत कशा? ताईने मान म्हणून त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः हिशेबनिसांच्या जागी बसली. हिशेबनीस पलीकडे सरकले.

"मग, शिडी बाजारात आणायची ना?" ताईने विचारलं. काकांनी सवयीने शेजारचा पाय दाबला.

"अहो काका, माझा पाय का दाबताय?"

"अगं, चुकून लागला, बाळ."

"चुकून नाही," हिशेबनीस म्हणाले. "त्यांना तो माझा वाटला. ताई, ती बिजागरी मला पहिल्यापासून पटलेली नाही. बोलायला घाबरत होतो."

नव्या बाई म्हणाल्या, "आधी तपासू या. पडलेली माणसं मी खूप उचललीत."

शिडी थांबली. ताईला रडूच फुटलं. "आणि मला वाटायचं, आपलं किती छान जमतं!"

आता प्रत्येकाने आधी आपली शंका मोठ्याने सांगायची, असा तिचा नियम आहे. काकांनीसुद्धा. त्यामुळे वाद होतात, कप आपटतात, माझ्यावर चहा सांडतो. मित्रांनो, मला तेवढं ओल्या फडक्याने पुसत जा. आणि तुमच्या गटात सगळे कायम 'हो'च म्हणत असतील, तर गप्प बसलेल्या मित्राला विचारा, "तुला खरंच पटलंय का?" तो 'नाही' म्हणाला, तर मात्र त्याच्यावर रागावू नका.