आज माती किती?

त्या खणात आम्ही एकूण अकरा जण होतो. गंजलेल्या दोन कात्र्या, सुतळीचे तीन गुंडे, रोपांशेजारी खोचायच्या चार पट्ट्या, एक हातमोजा आणि मी. पट्ट्यांवरची नावं कधीच पुसून गेली होती. हातमोजा उजव्या हाताचा होता. डाव्या हाताचा कुठे गेला, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. पण तुम्हाला ताप आला की आई काखेत लावते, तो मी नव्हे. मी मातीचा ताप बघतो. बांगडीएवढी गोल तबकडी, तिच्याभोवती पितळेची कड आणि खाली वीतभर लांबीची पोलादी दांडी, असं माझं रूप आहे. दांडीच्या आत दोन धातूंची एकमेकांना घट्ट चिकटवलेली पट्टी गुंडाळून बसवली आहे. ऊब लागली की दोन्ही धातू प्रसरण पावतात, पण एक जास्त आणि दुसरा कमी. त्या ओढाताणीत पट्टीला पीळ बसतो आणि तबकडीवरचा काटा फिरतो. म्हणजे माझं सगळं काम दोघांचं एकमेकांशी न जुळण्यावर चालतं.

बर्मिंगहॅममधल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून बाहेर पडण्यापूर्वी मला बर्फाच्या चुऱ्यात उभं केलं होतं. काटा थरथरत खाली आला आणि स्थिरावला. आयुष्यात मी दिलेलं पहिलं उत्तर शून्य होतं, आणि ते बरोबर होतं.

पुढे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनमधल्या बागकामाच्या एका दुकानात मी खिडकीत बसून होतो. तिथून मला पद्माकरांनी घरी नेलं. ते इस्पितळात भूल देणारे डॉक्टर होते. कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावाहून इथे येताना त्यांच्या आईने सामानात आमटीसाठी वाघ्या घेवडा बांधून दिला होता. वाघाच्या अंगावर असावेत तसे पट्टे असतात या घेवड्यावर. पद्माकरांनी त्यातला मूठभर शिजवलाच नाही. कौन्सिलकडून भाड्याने मिळालेल्या जमिनीच्या पट्टीत त्यांनी त्यातला अर्धा मार्चमध्ये पेरला आणि पेरलेला सगळा कुजला. दुसऱ्या वर्षी उरलेला पेरण्याआधी त्यांनी मला विकत आणलं.

तेव्हापासून माझे कामाचे दिवस सुरू झाले. वसंतात रोज सकाळी पद्माकर बागेत यायचे, मला बोटभर खोल मातीत खुपसायचे आणि काटा थांबेपर्यंत शांत उभे राहायचे. कुणी झोपलेल्या रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवून उभं असावं, तसे. मग दांडी पुसून मला कोटाच्या खिशात ठेवत आणि घरी जात. दारातून आत शिरताना ते बायकोला हाक मारत नसत, नुसता आकडा सांगत. "सात." तो सुप्रभाताईंना ऐकू गेला की स्वयंपाकघरातून चहाच्या कपांचा आवाज यायचा.

सुप्रभाताई मला जावई म्हणायच्या. "झाली का जावयाची मर्जी?" असं त्या रोज विचारायच्या. "अहो, जगातली माणसं पाडव्याला नवं काम सुरू करतात. आपल्याकडे मात्र हे जावईबापू हो म्हणेपर्यंत सगळे ताटकळत बसलेत."

दोघांचं हे भांडण दरवर्षीचं होतं. घेवडा पाडव्याच्या शुभ दिवशी पेरायचा, असं सुप्रभाताईंचं म्हणणं. पद्माकरांचं म्हणणं, पाडवा चंद्रावर ठरतो, माती सूर्यावर तापते. पाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात, पण इथली माती मे महिन्याशिवाय घेवड्याला जवळ करत नाही. सलग तीन सकाळी काट्याने बारा अंश ओलांडले की मगच पेरायचं, हा त्यांचा नियम होता. शेवटी तडजोड निघाली. पाडव्याला सुप्रभाताईंनी मेथी पेरायची, कारण मेथीला थंडीचं वावडं नाही. आणि गुढीच्या पाटावर मलाही ठेवायचं. लंडनच्या वेम्बलीतल्या भारतीय बाजारातून आणलेला कडुनिंब, साखरेची गाठी आणि त्यांच्या शेजारी मी. माझ्या तबकडीच्या काचेवर ताई हळदीकुंकवाचं बोट लावत आणि म्हणत, "जावयाचा मान आहे बाई, चुकवून कसं चालेल."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. घेवडा दरवर्षी उगवला, दरवर्षी त्यातलं चांगलं बी पुढच्या वर्षासाठी निघालं. मुलगी नीना मोठी झाली, डॉक्टर होऊन लेस्टरला गेली. मी पुसला जात होतो, कोरडा ठेवला जात होतो, आणि दरवर्षी माझं उत्तर ऐकण्यासाठी स्वयंपाकघरात कुणीतरी थांबलेलं असायचं.

मग एका हिवाळ्यात पद्माकर गेले. त्यानंतरच्या वसंतात मला कुणी कोटाच्या खिशातून काढलं नाही. पुढे कोट देऊन टाकताना सुप्रभाताईंनी मला बाहेर काढलं, हातात धरलं आणि बागेतल्या शेडमधल्या खणात ठेवून खण लावून घेतला. त्या वर्षी त्यांनी घेवडा पाडव्याला पेरला. त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. तो उगवला नाही. दुसऱ्या वर्षीही त्यांनी तेच केलं. शेजारच्या पट्टीवाल्यांना त्या सांगत होत्या की गोगलगायींनी सगळं खाल्लं. हे मी खणाच्या फटीतून ऐकलं. ओलीने माझ्या दांडीवर गंज चढत होता आणि काटा एका जागी चिकटून बसला होता.

मला बाहेर काढलं ते देविकाने. देविका ही पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातली मुलगी. तिचा जन्म इथलाच, शिक्षण मृदाविज्ञानाचं. इथे जमिनीच्या पट्ट्या घेतलेल्या बागवाल्यांच्या संस्थेचा दरवर्षी बागेतच वसंत मेळावा असतो. त्यात घरच्या घरी बाग करणाऱ्यांसाठी दिवसभर छोट्या कार्यशाळा होतात. कुणी गुलाबाची छाटणी शिकवतं, कुणी टोमॅटोची रोपं मोठ्या कुंडीत कशी हलवायची ते दाखवतं, एका टेबलावर बियांची अदलाबदल चालते. यंदा मातीचं टेबल देविकाकडे होतं, आणि लोकांनी घरातले जुने तापमापक तपासायला आणावेत, असं तिने कळवलं होतं. ती सुप्रभाताईंकडे आली आणि काकांचा थर्मामीटर मागितला. ताईंनी खण उघडायला शेडची किल्ली दिली. स्वतः आल्या नाहीत.

मेळाव्याचा रविवार नेमका पाडव्याचा होता. त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली होती, त्यामुळे निम्मे लोक उशिरा आले आणि सगळे घड्याळाला दोष देत होते. सुप्रभाताई मात्र वेळेवर हजर होत्या. सकाळीच त्यांनी आपल्या पट्टीत बांबूच्या काठीवर लहानशी गुढी उभारली होती. मेथीचं टेबल त्यांचं होतं. पुण्याहून नोकरीसाठी आलेली ऋजुता फ्लॅटच्या बाल्कनीत कढीपत्ता जगेल का, असं विचारायला आली, तेव्हा ताई म्हणाल्या, "जगेल गं, पण हिवाळ्यात घरात घ्यावा लागेल. नवऱ्यापेक्षा जास्त लाड मागतो तो."

त्यांच्या पर्समध्ये एक स्टीलची डबी होती. तिच्यात घेवड्याचे नऊ दाणे होते. पद्माकरांच्या हातचं बी आता तेवढंच उरलं होतं. गावाकडचं त्यांचं घर विकलं गेलं होतं, तिकडे ते बी आता कुणी ठेवत नव्हतं. कार्यशाळा संपली की गुढीपाशी हे दाणे पेरायचे, असं ताईंनी ठरवलं होतं. तसं त्यांनी देविकाला सांगितलंही होतं.

देविकाने काचेच्या वाडग्यात बर्फाचा चुरा घेतला, त्यात थोडं पाणी घातलं आणि एकेक तापमापक त्यात उभा केला. बर्फ वितळत असतो तोवर त्याचं तापमान शून्यच असतं, म्हणून खोटं बोलणारा तापमापक तिथे लगेच पकडला जातो, असं ती जमलेल्यांना सांगत होती. माझी पाळी आली. काटा हललाच नाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, गेला बिचारा. देविकाने काचेवर नखाने दोन टिचक्या मारल्या. काटा सुटला आणि खाली आला. मी अर्धा अंश जास्त दाखवत होतो. तिने मागचा नट हलकेच फिरवला, गंज तेलाच्या फडक्याने पुसला आणि मला पुन्हा बर्फात धरलं. शून्य. मला कारखाना आठवला.

मग ती सगळ्यांना घेऊन बाहेर निघाली. खरी माती मोजून दाखवायची होती आणि सगळ्यात जवळची पट्टी सुप्रभाताईंची होती. मी गुढीपासून हातभर अंतरावर मातीत शिरलो. दोन वसंत हुकल्यावर. माती ओली होती, काळी होती आणि माझ्या ओळखीची होती. लोक वाट बघत उभे राहिले. ताई मागे होत्या, डबी उघडून दाणे तळहातावर घेऊन.

देविका वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "आठ."

ताईंचा हात तिथेच थांबला. पद्माकर गेल्यापासून हा आकडा त्यांच्यापाशी कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

देविका त्यांच्याजवळ गेली आणि खालच्या आवाजात, आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काकू, नका ना टाकू आज. बी पाणी पिऊन फुगणार, पण थंडीत त्याचं काम स्लो होतो. त्याच्याआधी बुरशी येऊन खाऊन टाकते. मागच्या टाइमला पण असंच झाला ना?"

"गोगलगायी होत्या," ताई म्हणाल्या.

"गोगलगाय कोंब खाते, काकू. कोंब आलाच नव्हता."

बाकीचे लोक तोवर पलीकडच्या खताच्या ढिगाकडे वळले होते. सुप्रभाताई गुढीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. सगळा संसार या एका गोष्टीवरून भांडले त्यांच्याशी. ते गेले आणि भांडण माझ्याच बाजूने सुटलं. मग म्हटलं, जिंकून तरी बघू." त्या पुढे म्हणाल्या, "काही मजा नाही त्यात."

देविकाने मला मातीतून काढलं, पुसलं आणि ताईंपुढे धरलं. ताईंनी मूठ मिटली, दाणे डबीत परत टाकले आणि मला घेतलं. त्या दिवशी गुढीपाशी त्यांनी मेथी पेरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन बागेत आल्या. चष्मा घरी राहिला होता, म्हणून परत गेल्या आणि परत आल्या. काटा वाचला. आकडा सांगायला घरी कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी फोन काढून लेस्टरला लावला आणि म्हणाल्या, "आठ." नीना वॉर्डकडे निघाली होती. तिला वाटलं, आई वेळ सांगतेय. "आई, आठ तर कधीच वाजून गेले, तू बरी आहेस ना?" असं तिने काळजीने विचारलं. ताईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. मग रोज सकाळी तिचाच फोन येऊ लागला. "आई, आज माती किती?" एवढंच विचारायची. नऊ. नऊ. दहा. एका सकाळी धुकं पडलं आणि मी पुन्हा आठवर आलो, तेव्हा ताईंनी मला फैलावर घेतलं. जावई आता म्हातारा झाला, पण त्याचे नखरे काही कमी झाले नाहीत, असं त्या नीनाला सांगत होत्या.

मे उजाडला. एका सकाळी काट्याने बारा ओलांडले. ताई डबी घेऊनच आल्या होत्या. त्यांनी ती उघडली, दाण्यांवरून बोट फिरवलं आणि झाकण लावून टाकलं. दुसऱ्या सकाळी पाऊस होता. काटा अकरावर. पहिल्यापासून मोजणं आलं. देविका म्हणाली, एवढं कडक राहायची गरज नाही, आता चालेल. ताई म्हणाल्या की तीन म्हणजे तीन, आणि हे सांगताना त्यांचा आवाज हुबेहूब पद्माकरांसारखा झाला होता.

त्यानंतर ऊन पडलं. तेरा, तेरा, तेरा. तिसऱ्या सकाळी सुप्रभाताई मातीत गुडघे टेकून बसल्या. प्रत्येक दाण्यासाठी बोटाने खळगा केला, दाणा आडवा ठेवला, माती लोटली. फोन चालू ठेवून बांबूच्या काठीला टेकवला होता, म्हणजे नीनाला दिसेल.

मित्रांनो, मी आता खणात राहत नाही. दाराजवळच्या खुंटीवर टांगलेला असतो. मातीतून काढल्यावर मला कोरडं पुसतात आणि वर्षातून एकदा बर्फात उभं करतात. तुमच्याही घरात असं एखादं उपकरण असेल, जे एखाद्या माणसाच्या हातात रोज असायचं आणि तो माणूस गेल्यावर कुणी त्याला हात लावला नाही. ते जपून ठेवलंय, असं तुम्हाला वाटत असेल. पण बंद खणात ठेवणं म्हणजे जपणं नव्हे, तिथे आम्ही फक्त गंजतो. आम्हाला बाहेर काढा. पुसा, तेल द्या, आम्ही खरं सांगतो का ते तपासा. आणि मग आम्हाला काहीतरी विचारा, कारण कुणी विचारल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

पेरणीनंतर दहाव्या दिवशी मातीचं तापमान चौदा अंश होतं. पेरलेल्या नऊ दाण्यांपैकी सात उगवले.