हलल्यावर वाजणारी घंटी

"सर, काल हादरा आला तेव्हा आमची घंटी वाजलीच नाय."

मयूरीने हे दारातूनच सांगितले. तारा सोलणाऱ्या जीवनचा हात थांबला. कालचा हादरा लहान नव्हता. पत्र्यावरची धूळ वह्यांवर पडली होती आणि मुलांच्या आधी जीवनच दाराबाहेर गेला होता. कुणी ते बोलून दाखवले नाही, पण त्याला स्वतःला ते ठाऊक होते. आज त्याने खुर्ची दारापासून मुद्दाम लांब ठेवली होती आणि लक्ष मात्र सारखे दाराकडेच जात होते.

तलासरीत हायवेलगतच्या या पत्र्याच्या खोलीत तो वस्तीतल्या मुलांना विज्ञान शिकवत असे. आधी वापीकडच्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. गॅस गळला की वाजणाऱ्या भोंग्यांची देखभाल त्याच्याकडे असे. वस्तीतली माणसे झरी गावाकडून, पाड्यापाड्यांतून मजुरीला येऊन इथे राहिलेली. मुले शाळेत जात, पण हातात तार कधी कुणी दिली नव्हती. भूकंपाचे हादरे सुरू झाले तशी जीवनने मुलांकडून घंटी करून घेतली. एक सेल, तारेचे एक कडे, त्यात टांगलेला नट. जमीन हलली की नट कड्याला टेकतो आणि घंटी वाजते. एकेक करून ती बऱ्याच घरांत गेली.

"सेल संपला असेल."

"नवाच टाकलाय, सर."

"चल, बघू या."

वाटेत पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवत बसला होता. "काय मास्तर, तुमची घंटी अजून दसऱ्याच्या सुट्टीवर काय?"

जीवन हसला, पण थांबला नाही.

मयूरीच्या घराची भिंत उघड्या विटांची. खिडकीपासून खालपर्यंत भेग गेली होती आणि ती मातीने बुजवली होती. अंगणात चार बांबू नुसते उभे होते. पावसाळाभर त्यांच्यावर निळी ताडपत्री होती आणि हादऱ्यांच्या भीतीने घर तिच्याखाली झोपत असे.

घंटी देव्हाऱ्यात होती. दसऱ्याला कोयता, विळा, गवंड्याची थापी पुजली, तशी तीही पुजलेली. कुंकवाचे बोट लावलेले आणि वरून झेंडूची जाड माळ. माळेने नट एका बाजूला घट्ट दाबून धरला होता.

जीवनला हसू आले. "आजी, तुम्ही तिचा गळाच आवळला की!"

मयूरीची आजी रंभा चुलीपुढून उठली. "मग? राखण करते ती आमची. तिला नको पुजायला? आणि कालचा हादरा आला तरी ती गप होती. मी हिच्या आईला, जमनाला सांगितलं, घंटी गप हाय, म्हणजे भ्यायचं काय नाय. बस गुमान."

जीवनचे हसू गेले. "काल तुम्ही बाहेर आला नाहीत?"

"कशाला? तूच सांगितलं ना, घंटी वाजली की बाहेर पळायचं. वाजली नाय, मग कशाला पळायचं?"

"आणि ताडपत्री?"

"काढली. बाहेर इंचूकाटा, पोरीचं अंग दवाने भिजते. आता घंटी हाय ना घरात."

त्याने माळ उचलली. नट मोकळा होऊन हलू लागला. हे सांगितले तर घंटी केलेल्या पोरांना घरचे काय म्हणतील, उद्या वर्गाला कोण येईल, हे त्याच्या मनात आले. नट नीट करून गुपचूप निघून जाता आले असते. भेग त्याच्या अगदी समोर होती.

"आजी, ही आधी नाही वाजत. जमीन हलल्यावर वाजते."

"हलल्यावर तर आमालाही कळते," रंभा म्हणाली. "मग ही कशाला?"

कारखान्यातला भोंगा गॅस माणसापर्यंत यायच्या आधी वाजे. तीच सवय त्याच्या जिभेवर होती. घंटी वाजली की पळा, एवढेच तो मुलांना सांगत आला. नाही वाजली तरी जमीन हलली की पळा, हे मागचे अर्धे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघालेच नव्हते.

बाहेर कुत्री भुंकायची एकदम थांबली.

मग जमिनीखालून गडगड आली, जड ट्रक अंगणातून जावा तशी. डबे मांडणीवर आपटू लागले. आणि घंटी वाजली, अगदी खणखणीत. जमना पदराला हात पुसता पुसता देव्हाऱ्याकडे बघत उभी राहिली. रंभा खाली बसली, हात जोडले. तिच्या तोंडावर समाधान होते.

"वाजली! वाजली बघ!"

कुणीही दाराकडे गेले नाही. जीवनचे पाय मात्र दाराकडे वळले होते. उंबऱ्यावरून तो परत फिरला. "बाहेर!" तो ओरडला, तो आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. त्याने रंभाला दंडाला धरून ओढले. मयूरीने आईला ढकलले. सगळी अंगणात आली तेव्हा जमीन थांबली होती. आत घंटी थोडी कुरकुरली आणि गप झाली.

भेगेतली माती गळून पडली होती. मावळतीचा उजेड भिंतीतून आरपार येत होता आणि आतल्या उशीवर त्याची उभी रेघ पडली होती.

रंभाने दंड चोळला. "मास्तर, तू तर आमच्या आधी दाराकडे पळाला."

"मी भितो, आजी. फार भितो."

"मग आधीच सांगायचं की रे, बाबा," ती म्हणाली. "आमी समजलो, तुला जमिनीच्या आतलं कळते."

मयूरी आत जायला निघाली तेव्हा जीवनने तिला अडवले आणि स्वतःच जाऊन घंटी आणली. तिने ती त्याच्या हातातून घेतली. ती तिने बनवलेली पहिली वस्तू होती. तिने सेल काढला, फ्रॉकच्या खिशात टाकला आणि शेजारच्या दाराशी जाऊन उभी राहिली. जीवन मागून आला.

"सर, तुम्ही नका. मी सांगते." तिने कडी वाजवली. "काकी, ती घंटी आधी नाय वाजत हां. आमचं चुकलं. आज बाहेर झोपा."

"आमचं" म्हणाली. जीवनने ते ऐकले.

अंधार पडेपर्यंत अंगणाअंगणांत ताडपत्र्या चढू लागल्या. जीवन बांबूला दोरी आवळत होता. गाठ दोनदा सुटली. रंभाने घंटी त्याच बांबूला अडकवली आणि वर झेंडूची माळ घातली, या वेळी सैल.

हायवेवरून ट्रक गेला. नट कड्याला लागला. सेल नसल्याने आवाज झाला नाही, तरी ताडपत्रीखाली सगळी उठून बसली.