डोक्यावरची जखम

हौसरावांनी खांद्यावरचं उपरणं समुद्राच्या पाण्यात बुचकळलं आणि वाळूत अडकलेल्या डॉल्फिनच्या डोक्यावरच्या भोकावर घट्ट दाबून बसवलं. भोकातून फेस गळत होता आणि वर कावळे घिरट्या घालत होते. बैलाच्या खांद्याची जखम कावळे कशी टोचून टोचून वाढवतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

निमोण्याहून लेकाकडे चार दिवस राहायला आलेला हा माणूस. लेक नवनाथ वनखात्यात होता. किनाऱ्याला लागलेले देवमासे, डॉल्फिन शोधायचे आणि जिवंत असतील तर पुन्हा पाण्यात सोडायचे, हे त्याचं काम. गावाकडे हौसरावांचं नाव मोठं. म्हैस फुगो नाहीतर गाय अडो, शिरूरच्या डॉक्टरआधी निरोप त्यांना जायचा. म्हणून तर नवनाथने बिनघोर बापाला तिथे बसवलं, अंगावर ओली फडकी ठेवा म्हणाला आणि होडीवाल्यांना आणायला पळाला.

हौसराव जीव लावून बसले. पाठीवरून हात फिरवत, "धीर धर बाळा, आलाच बघ माझा नवनाथ," म्हणत राहिले. डॉल्फिनने शेपूट आपटलं तेव्हा त्यांना वाटलं, अंगात बळ आलं. मग तो निपचित पडला. डोळा लागला असेल म्हणून त्यांनी बघ्यांनाही गप्प केलं.

नवनाथ माणसं घेऊन धावत आला. उपरणं दिसताच त्याचा चेहरा उतरला. ते ओढून काढून त्याने तिथे कान लावला. श्वास चालत नव्हता.

"आबा," तो हळूच म्हणाला, "ती जखम न्हाई. नाक हाय त्याचं."

मागून नवनाथचे साहेब आले. हे कुणी झाकलं, असं त्यांनी विचारलं.

"मी, सर," नवनाथ म्हणाला.

चारचौघांत लेकाला बोलणी बसत होती आणि बाप वाळूकडे बघत उभा होता. असली लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावाची एसटी धरली.

महिन्याभराने शेजारची सून सविता धापा टाकत दारात आली. गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. असल्या गाई हौसरावांनी कितीतरी सोडवल्या होत्या. त्यांचे हात सवयीने बाह्या वर सारायला गेले आणि तिथेच थांबले.

"डॉक्टरला बोलाव पोरी," ते म्हणाले. "मला जनावरातलं काय कळत न्हाई."

पलीकडच्या गोठ्यात गाय हंबरत होती. हौसरावांनी दार लोटून घेतलं.